आक्कानं देवाला काय विचारलं

फॉर्ममध्ये सव्वीस प्रश्न होते आणि मी अडकले तिसऱ्यावरच. संस्थापकांची नावं लिहा. त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत सूचना होती. ज्यांची नावं द्याल त्या सर्वांना पुण्यात बारा आठवडे पूर्ण वेळ हजर राहावं लागेल, ज्यांना जमणार नाही त्यांचं नाव संस्थापक म्हणून देऊ नये. मी ते तीनदा वाचलं आणि फोन गोधडीवर आपटला. गोधडीवर, कारण फरशीवर आपटायची ऐपत नव्हती.

आमचं काम दोघींचं होतं. मी आणि माझी थोरली जाऊ. तिला मी आक्का म्हणते, सगळं गाव म्हणतं. मी अन्नप्रक्रियेचा डिप्लोमा केलेली, इंग्रजीत फॉर्म भरणारी, तोंडाची फटकळ. ती सातवी पास, बोलायला कमी आणि हाताला चलाख. सातारच्या वरच्या अंगाला कृष्णाकाठी आमचं गाव आहे. सगळीकडं ऊस. थोरले दीर फौजेत, वर्षातनं दोनदा घरी यायचे. माझे मालक शिरवळला कारखान्यात, रविवारपुरते. म्हणजे घरात आम्ही दोघी, तिची दोन पोरं आणि सासूबाई. सासूबाई, आक्का त्यांना आत्ती म्हणते, न्हाणीघरात पडल्यापासून खुब्यानं अधू झालेल्या. त्यांना उठवायचं, बसवायचं, न्हाऊ घालायचं ते आक्कानंच. मी हात लावला की त्या ओरडायच्या, "हिला न्हाई जमत, थोरलीला बोलवा!" मला आधी राग यायचा. मग कळलं की खरंच मला जमत नव्हतं.

काम सुरू झालं ते स्ट्रॉबेरीवरनं. आक्काचं माहेर महाबळेश्वरच्या बाजूला. हंगामात तिचा भाऊ क्रेटच्या क्रेट पाठवायचा, मऊ पडलेली फळं, टुरिस्टवाले ज्यांच्याकडं ढुंकून बघत नाहीत ती. जॅम करून करून घरातल्या सगळ्यांना त्याचा वीट आलेला. माझं माहेर तिकडं कवठे महांकाळला, द्राक्षाचं. आमच्या वडिलांचं बेदाण्याचं शेड होतं. आत एकावर एक जाळीचे रॅक, बाजूनं हिरवं कापड, आणि वाळवायचं काम वारा करतो. मी एकदा बोलून गेले, "आक्का, द्राक्षं वाळत्यात, मग ही का न्हाई वाळायची?" ती म्हणाली, "वाळवून बग की." आम्ही वडिलांच्या शेडातले जुने रॅक टेंपोत घालून आणले आणि गोठ्यामागं उभे केले.

पहिल्या दोन खेपांना बुरशी आली. गाईंच्या पुढं टाकलं तर गाईंनीसुद्धा हुंगून तोंड फिरवलं. माझ्या माहेरची हवा उन्हात ठेवलेल्या पापडासारखी कोरडी. इथं नदी, ऊस, पाटाचं पाणी, सकाळी दहापर्यंत अंगणातला चिखल वाळत नाही. मी हात टेकले. पुस्तकात होतं ते सगळं करून झालं होतं.

मार्ग काढला आक्कानं. आमच्या गोठ्याला लागूनच भावकीतल्या एका काकांचं गुऱ्हाळ आहे, तिकडं ती त्यांची भाकरी पोचवायला गेली होती. चुलवाणाच्या, म्हणजे रस उकळायच्या भट्टीच्या, मागच्या भिंतीवर कुणीतरी भिजलेली पोती टाकलेली, आणि ती अर्ध्या तासात खडखडीत. घरी आली ती चपलासुद्धा न काढता म्हणाली, "धाकटे, सावलीत न्यायच्या आदी ऊब दिऊन बगू." दुसऱ्या दिवशी आम्ही फळाच्या चकत्या कापून दिवसभर त्या भिंतीला लावल्या आणि मग शेडात नेल्या. चौथ्या दिवशी हातात आल्या त्या लालबुंद, चिवट, आंबटगोड चकत्या. मी तिथंच फतकल मारून बसले आणि निम्मा रॅक खाल्ला. पुढं मी पत्र्याची नळी बसवली, पंखा लावला, म्हणजे भिंतीची ऊब धुराशिवाय आत खेचता येईल. पण भिंत तिनं शोधली. तिच्या माहेरचं फळ, माझ्या माहेरचे रॅक, आणि डोकं म्हणाल तर निम्मं निम्मं. खरं सांगायचं तर तिचं जरा जास्तच.

चकती तयार झाली की नाही ते मी यंत्रानं बघायची. ओलावा मोजायचं एक छोटं यंत्र मी मागवलं होतं. आक्का एका हातानं चकती दाबायची आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्या कानाची पाळी. "दोनी सारकं लागलं की काडायचं." मी हसायची. पण दोन हंगामांत तिची एक खेप खराब झाली नाही आणि माझ्या तीन झाल्या, हे लिहायला लाज वाटली तरी लिहिते.

मग एका मैत्रिणीनं तो दुवा पाठवला. नव्या धंद्यांना तीन महिने हाताशी धरून उभं करणारा कार्यक्रम. प्रयोगशाळा, यंत्र बनवायला मदत, मोठ्या दुकानदारांच्या गाठीभेटी. नाव ॲक्सिलरेटर. आक्काला मी सांगायला गेले.

"म्हंजी काय गं?"

"गाडीचा असतोय बगा, पाय दाबला की गाडी पळती."

"आन ब्रेक कुणाकडं असतोय?"

"ब्रेक बसवायच्या आदीच बोलावत्यात," मी म्हटलं, आणि दोघी खिदळलो. सासूबाई आतनं ओरडल्या, "काय झालंय एवडं दात काडाया?"

आणि गरज तर होतीच. गुऱ्हाळवाल्या काकांनी त्याच साली सांगून टाकलं होतं, आता हे होत नाही, पुढच्या वर्षीपासनं ऊस कारखान्याला घालणार, रस आटवायच्या काहिली मोडीत. गुऱ्हाळ बंद म्हणजे भिंत थंड, आणि भिंत थंड म्हणजे आमचं काम संपलं. स्वतःचं वाळवण यंत्र बनवल्याशिवाय पुढचा हंगाम नव्हता. ते यंत्र मला एकटीला बनवता येत नव्हतं आणि ते शिकवणारी माणसं पुण्यात होती. सरळ हिशोब होता.

फक्त तो तिसरा प्रश्न सोडला तर.

मी आक्काला सूचना वाचून दाखवली आणि वर ठणकावून सांगितलं, "दोघींचं नाव घालता येत नसंल तर मी अर्जच करणार न्हाई. गेले उडत." ती ताक घुसळत होती. मग मी रात्रंदिवस डोकं चालवून बेत केला. नणंद कराडला, तिची पोरं मोठी झालेली, तिला तीन महिने बोलवायचं. मालकांनी शिरवळवरनं रोज येऊन जाऊन करायचं, तासाभराचा तर रस्ता. पोरांच्या शाळेला सुट्टीच लागणार. गाईंचं शेजारी बघतील. नणंदेला फोन करून मी होकारसुद्धा घेतला. सगळं बोटांवर मोजून आक्काला दाखवलं आणि विचारलं, "आता काय अडलंय सांगा?"

ती म्हणाली, "देवाला इचारू."

आमच्या गावात मोठं काही असलं की भैरोबाला कौल लावतात. लग्न, विहीर, फौजेतली भरती, काहीही. गुरव मूर्ती न्हाऊ घालतो आणि ओल्या दगडावर दोन खांद्यांवर दोन कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी यावर कधी विश्वास ठेवला नाही आणि कधी विरोधही केला नाही. म्हटलं, हिच्या मनाचं समाधान. अर्ज करायची शेवटची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची होती. गुरुवारी सकाळी आम्ही देवळात गेलो.

माझं जिथं चुकलं ते सांगते. माझ्या माहेरी देवाला जे विचारायचं ते चारचौघांत, मोठ्यानं. तिकडं कुणी देवासमोर तोंड मिटून उभं राहिलं तर पुजारीच खेकसतो, "बोल की, देव भैरा हाय व्हय?" काय विचारलं ते सगळ्यांना कळतं, त्यामुळं उत्तरही सगळ्यांचं असतं. इथं तसं नाही. इथं घरातल्या थोरल्या माणसानं नारळ धरायचा आणि मनातल्या मनात विचारायचं. बाकीच्यांनी नुसतं हात जोडायचे. हे मला माहीत होतं, सात वर्षं बघत होते. पण आमचं बोलणं झालेलं, सगळं ठरलेलं, दोघींनी जायचं का हाच प्रश्न होता, दुसरा प्रश्न असेल कुठनं? मी बिनघोर हात जोडले.

आक्कानं नारळ छातीशी धरला आणि डोळे मिटले. बराच वेळ गेला. एक माशी कळीवर बसली. विश्वास नाही म्हणणारी मी, श्वास रोखून उभी होते. मग उजवी कळी जराशी सरकली, थांबली, आणि सुटून खाली पडली. गुरव म्हणाला, "दिला गं बाई देवानं."

मी आनंदानं उडीच मारली. आक्काला मिठी मारली तर ती रडत होती. देवळाच्या पायरीवर बसून पदरानं डोळे पुसत होती. मला वाटलं, आनंदानं रडतीय. मी म्हटलं, "आवं रडता काय, पुण्याला जायचंय आपल्याला!" तिनं मान हलवली. मी तिला हाताला धरून उठवलं आणि वाटभर एकटीच बोलत आले, पुण्यात काय काय बघायचं, कुठं राहायचं, सगळं.

शुक्रवारी दुपारी फॉर्म भरायला बसले. आमच्या घरात रेंज नसते, पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर येते, म्हणून जिन्यावर. आक्का खालच्या पायरीवर लसूण सोलत होती. मी तिसरा प्रश्न काढला आणि थोरलीचं नाव आधी म्हणून तिचं नाव लिहायला लागले.

"माजं नगं लिवू," ती म्हणाली.

"आला का पुन्ना तुमचा मानपान! देवानं होय म्हटलंय न्हवं?"

"देवानं होय म्हटलंय म्हणूनच सांगतीय." तिनं लसणाची कुडी खाली ठेवली. "मी दोघींचं न्हाई इचारलं. मी इचारलं, म्या यातनं अंग काडून घिऊ का? हिला एकटीला जाऊ दिऊ का? आन त्यानं उजवी दिली."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा मी जे बोलले ते इथं सगळं लिहीत नाही. देवाला बोलले, तिला बोलले. म्हटलं, "तुमच्या देवानं फॉर्म वाचला हुता व्हय? कुणाला इचारून इचारलंत? काम माझ्या एकटीचं हाय का? नणंदबाई यायला तयार, मालक तयार, आन तुमी परस्पर देवाकडं जाऊन राजीनामा दिऊन आला!" खाली नळावर पाणी भरणाऱ्या बाया बघायला लागल्या. माझा श्वास संपल्यावर आक्का बोलली.

"आत्ती नणंदबाईंच्या हाताखाली एक दिस काडायच्या न्हाईत. तुला ठावं हाय. पोरं लहान हायती. फौजेतनं त्येंचा फोन येतोय तवा घरात कुणी पायजे, बर्फात बसून माणूस फोन करतंय. मी न्हाई म्हणले असते तर तू बी थांबली असतीस. तू हट्टी हायस. देवाचं न्हाई मोडायचीस."

"मोडीन की! मला कुठं इश्वास हाय?"

"तुला नसंल. मला हाय," ती म्हणाली. "नारळ मी धरला हुता."

पावणेचार झाले होते. मी जिन्यावर बसून राहिले. अर्ज करायचा नाही, हा एक मार्ग होता. मग काम पुढच्या हंगामात बुडालं, आणि तिनं जे दिलं ते फुकट गेलं. तिचं नाव खोटं घालायचं, आणि पहिल्याच दिवशी ती हजर नाही म्हणून हाकलून घ्यायचं, हा दुसरा. आणि तिसरा म्हणजे भिंत शोधणाऱ्या बाईचं नाव पुसायचं. मला तिचा इतका राग आला होता की त्या रागातच मी तिसरा मार्ग धरला. म्हटलं, तुमचीच इच्छा ना, घ्या. तिच्या नावाची तीन अक्षरं टंकून झाली होती ती एकेक करून खोडली आणि माझं एकटीचं लिहिलं. पुढं विचारलेलं, ही कल्पना कशी सुचली. मी लिहिलं, गुऱ्हाळाच्या भिंतीवर वाळणारी पोती पाहून सुचली. कुणी पाहिली ते लिहिलं नाही. लिहायला जागा होती. साडेचारला अर्ज गेला.

त्या दिवसापासनं आक्का शेडात आली नाही. मला वाटलेलं, नाव नाही घातलं तरी हात तर घालेल. पण तिच्या हिशोबात अंग काढलं म्हणजे काढलं, निम्मं काढता येत नाही. हंगामाचे शेवटचे क्रेट आले, मी एकटीनं चिरले. संध्याकाळी घरात आले की ती चहा पुढं करायची आणि विचारायची, "झालं का गं तुजं?" आधी म्हणायची आपलं. आपलं शेड, आपल्या चकत्या. ते तुझं ऐकलं की मी चहा तसाच ठेवून उठायची. एकदा मी चकती तिच्यापुढं धरली, म्हटलं, "जरा दाबून सांगा की झाली का." तिनं हात पदराला पुसले आणि मागं घेतले. "तुज्याकडं यंत्र हाय न्हवं." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते.

मी तिला न सांगता पुन्हा देवळातसुद्धा गेले. नारळ घेऊन. गुरवाला म्हटलं, परत लावा कौल, मला विचारायचंय. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि नारळ परत दिला. "थोरलीनं लावलाय की. एका गोष्टीला एकदाच." मी त्याच्याशीही भांडले आणि नारळ घेऊन घरी आले. त्याची चटणी केली. आक्कानं विचारलंसुद्धा नाही की नारळ कुठला.

उत्तर आलं सहा आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमाराला. मी टाकीच्या जिन्यावरच होते. पत्र इंग्रजीत आणि गोड होतं. तुमचं काम आम्हाला फार आवडलं, असं होतं. भिंतीची कल्पना अनोखी आहे, असं होतं. आणि मग, मात्र आमच्या अनुभवानुसार असं काम एकट्या व्यक्तीला पेलत नाही, म्हणून एकट्या संस्थापकाऐवजी आम्ही जोडीला प्राधान्य देतो. पुढच्या वेळी सहकारी मिळाल्यास जरूर अर्ज करा.

मी ते कितीदा वाचलं कोण जाणे. बायका पाणी भरून गेल्या, नळ गेला. मी मोठ्यानं रडले. सहकारी मिळाल्यास म्हणे! अरे मेल्यांनो, तुम्हीच तर म्हणालात, हजर राहणार नसेल तर नाव नको.

घरी आले तेव्हा आक्का सासूबाईंना खाटेवर बसवत होती. एक हात पाठीमागं, एक गुडघ्याखाली, हळूच. माझं तोंड बघूनच तिला कळलं.

"न्हाई म्हणाले?"

"न्हाई म्हणाले."

"का म्हणं?"

"जागा भरल्या," मी म्हटलं. "लय अर्ज आले हुते. काम आवडलंय म्हणत्यात, पर जागा न्हाई."

तिनं सासूबाईंच्या पाठीला उशी लावली, चादर नीट केली आणि माझ्याकडं न बघताच बोलली, "एक सांगू? रागावू नगंस. त्या दिशी देवाला मी इचारलं खरं, पर मनात सारकं म्हणत हुते, डावी पडू दे, डावी पडू दे. डावी पडली असती तर मी यायची. नणंदबाईंनी काय आत्तीला उपाशी ठेवलं नसतं. मी पिशवी बी बगून ठेवली हुती, माळ्यावरची, चेन नीट हाय का."

फोन माझ्या हातात होता आणि ते पत्र उघडंच होतं. मी तो पालथा करून फळीवर ठेवला.

"धाकटे," ती म्हणाली, आणि आता तिनं माझ्याकडं बघितलं. "खरं सांग. माज्यापायी तर न्हाई न्हवं अडलं?"

"न्हाई, आक्का."

"मग बरं झालं. म्या बाजूला झाले ते बरंच झालं म्हणायचं," ती म्हणाली, आणि सासूबाईंच्या आंघोळीचं पाणी तापलं का ते बघायला आत गेली.